विश्लेषण : बाजार भरला, आता विकायचे कोणाला? फोर्डला मागे टाकणाऱ्या आल्फ्रेड स्लोन यांची गोष्ट

एखाद्या वस्तूची विक्री वर्षानुवर्षे वाढत राहते आणि मग थबकते. कारखाने तेच असतात, माल तोच असतो, किंमतही कमी असते. पण ज्यांना ती वस्तू परवडते त्यातल्या बहुतेकांच्या घरी ती आधीच आलेली असते. अमेरिकेतील मोटार उद्योगावर ही वेळ १९२३ नंतर आली. त्या वेळी हेन्री फोर्ड यांनी किंमत आणखी कमी करण्याचा मार्ग धरला, तर जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी ग्राहक बदलला आहे हे ओळखून धंद्याची पद्धतच बदलली. पुढच्या चार वर्षांत बाजाराचे चित्र उलटे झाले. मागणी मंदावली की कंपन्या आजही जे उपाय करतात, त्यातले बरेचसे याच काळात घडले. स्लोन कोण होते, त्यांनी नेमके काय केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याविषयी.

कोण होते आल्फ्रेड स्लोन?

आल्फ्रेड प्रिचर्ड स्लोन यांचा जन्म २३ मे १८७५ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन येथे झाला. वडील चहा, कॉफी आणि तंबाखूचे घाऊक व्यापारी. पुढे कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये राहायला आले. पाच भावंडांत आल्फ्रेड थोरले. प्रसिद्ध एमआयटी संस्थेत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पूर्ण केला आणि १८९५ मध्ये पदवी घेतली.

पहिली नोकरी मिळाली ती न्यू जर्सीतील हायट रोलर बेअरिंग या लहानशा कंपनीत, महिना ५० डॉलर पगारावर. कंपनीत जेमतेम २५ माणसे होती आणि ती कायम तोट्यात असे. १८९८ मध्ये ती बंद पडण्याच्या बेतात असताना स्लोन यांचे वडील आणि त्यांचे एक सहकारी यांनी मिळून ५ हजार डॉलर घातले. सहा महिन्यांत जमले तर ठीक, नाही तर कुलूप, असा हिशेब होता. तेविशीतल्या स्लोन यांनी सहा महिन्यांत १२ हजार डॉलर नफा दाखवला. त्याच सुमारास मोटारगाड्या बनू लागल्या होत्या आणि प्रत्येक गाडीला बेअरिंग लागत होते. पुढच्या १५-१६ वर्षांत हायट मोठी झाली ती या नव्या धंद्याच्या जोरावर.

स्लोन उंच, सडपातळ होते. कानाने कमी ऐकू येत असे. त्यांना कामाखेरीज फारसा छंद नव्हता. पत्नी आयरीन, मूलबाळ नव्हते. भाषणबाजी, प्रसिद्धी यांपासून ते दूरच राहिले.

जनरल मोटर्समध्ये ते कसे आले?

हायटचा धंदा उत्तम चालला होता, पण स्लोन यांना एक भीती होती. त्यांचा बहुतेक माल फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोनच गिऱ्हाइकांकडे जात होता. यातल्या एकाने जरी स्वतः बेअरिंग बनवायला घेतले, तरी मोठा कारखाना रिकामा बसला असता. त्यामुळे १९१६ मध्ये जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी कंपनी विकत मागितली तेव्हा स्लोन तयार झाले. १ कोटी ३५ लाख डॉलरला सौदा ठरला. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचा युनायटेड मोटर्स हा गट ड्युरंट यांनी उभा केला होता; त्याचे प्रमुखपद स्लोन यांच्याकडे आले. १९१८ मध्ये हा गट जनरल मोटर्समध्ये विलीन झाला आणि स्लोन तिथे उपाध्यक्ष झाले.

ड्युरंट हे जबरदस्त विक्रेते होते. कंपन्यांमागून कंपन्या विकत घेत त्यांनी जनरल मोटर्स उभी केली होती. पण त्या एकत्र कशा चालवायच्या याची घडी त्यांनी बसवली नव्हती. प्रत्येक विभाग आपापला कच्चा माल हवा तेवढा मागवत होता, आपापले पैसे आपापल्या बँकेत ठेवत होता. बाजार वाढत होता तोवर हे सारे खपून गेले.

१९२० च्या मंदीत कंपनी बुडता बुडता कशी वाचली?

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी १९२० च्या उत्तरार्धात ओसरली. सप्टेंबरमध्ये फोर्ड यांनी गाड्यांच्या किमती एकदम २० ते ३० टक्क्यांनी उतरवल्या. ड्युरंट यांनी किमती कमी करायला नकार दिला. काही महिन्यांतच जनरल मोटर्सची विक्री कोसळली, कारखाने थांबले आणि विभागांनी भरमसाट मागवलेला कच्चा माल गोदामांत पडून राहिला. त्यातच कंपनीच्या शेअरचा भाव सावरण्याच्या नादात ड्युरंट स्वतः कर्जात बुडाले. ३० नोव्हेंबर १९२० रोजी त्यांना पायउतार व्हावे लागले. कंपनीतील मोठे भागधारक पिएर ड्यूपाँट अध्यक्ष झाले.

स्लोन यांनी त्याआधीच कंपनीच्या रचनेचा एक आराखडा लिहून ड्युरंट यांना दिला होता. ड्युरंट यांनी तो बाजूला ठेवला. ड्यूपाँट यांनी तो स्वीकारला. त्याचा गाभा असा : गाडी कशी बनवायची आणि विकायची हे प्रत्येक विभागाने ठरवायचे, पण पैसा, साठा आणि पुढील उत्पादनाचा अंदाज यांवर मुख्यालयाची नजर राहायची. प्रत्येक विभागाला त्यात गुंतलेल्या भांडवलावर किती परतावा मिळाला हे दाखवावे लागायचे. आज मोठ्या कंपन्यांत हे सर्रास दिसते. तेव्हा ते नवे होते. १० मे १९२३ रोजी स्लोन अध्यक्ष झाले.

शेवरोले बंद करण्याचा सल्ला का नाकारला?

१९२१ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारी व ट्रकपैकी सुमारे ६० टक्के एकट्या फोर्डचे होते. जनरल मोटर्सचे सगळे विभाग मिळून १२ टक्क्यांच्या आसपास, तर तिची स्वस्त गाडी शेवरोले अवघ्या ४ टक्क्यांवर होती. कंपनीचे सात ब्रँड होते. ब्युइक आणि कॅडिलॅक सोडले तर बाकीचे तोट्यात, आणि वर एकमेकांचीच गिऱ्हाइके पळवणारे. बाहेरून बोलावलेल्या सल्लागारांनी शेवरोले बंद करण्याची शिफारस केली, कारण फोर्डशी स्पर्धा होणे नाही असे त्यांचे मत होते. स्लोन यांनी विरोध केला आणि ड्यूपाँट यांनी त्यांची बाजू घेतली.

त्याऐवजी स्लोन यांच्या समितीने किमतीची शिडी आखली. ४५० ते ६०० डॉलर ही सर्वांत खालची पायरी, २,५०० ते ३,५०० डॉलर ही सर्वांत वरची. मध्ये चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवर कंपनीची एकच गाडी. दोन पायऱ्यांत मोठी फट नको आणि एकमेकांवर चढाईही नको. शिडीत न बसणारे स्क्रिप्स-बूथ आणि शेरिडन हे ब्रँड बंद झाले.

फोर्डविरुद्धची चाल साधी होती. फोर्डच्या किमतीला गाडी द्यायचीच नाही. तिच्यापेक्षा थोडी महाग, पण उघड उघड जास्त सोयीची गाडी द्यायची. म्हणजे फोर्डचा ग्राहक थोडे पैसे वाढवून वर चढेल आणि वरच्या पायरीवरचा ग्राहक थोडे वाचवून खाली येईल. १९२२ मध्ये फोर्डमधून बाहेर पडलेले उत्पादनतज्ज्ञ विल्यम नुडसन जनरल मोटर्समध्ये आले आणि १९२४ च्या सुरुवातीला शेवरोलेचे प्रमुख झाले.

या वाटेवर एक मोठा फटकाही बसला. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे तांब्याच्या पट्ट्यांचे इंजिन शेवरोलेत बसवण्याचा घाट घातला गेला होता. संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांचा आणि खुद्द ड्यूपाँट यांचा त्याला पाठिंबा होता. प्रत्यक्ष रस्त्यावर ते तापू लागले आणि १९२३ मध्ये विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. अजून सिद्ध न झालेल्या यंत्रावर सगळी विक्री पणाला लावायची नाही, हा धडा स्लोन यांनी त्यातून घेतला.

बाजार भरला म्हणजे नेमके काय झाले?

१९२३ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदाच एका वर्षात सुमारे ४० लाख मोटारी आणि ट्रक विकले गेले. १९२४ मध्ये मात्र विक्री घटली आणि पुढची काही वर्षे ती याच पातळीच्या आसपास घुटमळत राहिली. देश गरीब झाला नव्हता. उलट लोकांचे उत्पन्न वाढत होते. तरीही नवी गाडी घेणाऱ्यांची संख्या पूर्वीच्या वेगाने वाढेना.

कारण आता दुकानात येणारा माणूस बदलला होता. आधीच्या १५ वर्षांत बहुतेक जण आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला येत. त्यांच्यासमोर दोनच पर्याय असत : गाडी किंवा घोडागाडी. त्यांना स्वस्त, टिकाऊ, कुठल्याही खराब रस्त्यावर चालणारी वस्तू हवी होती आणि फोर्डच्या मॉडेल टी गाडीने ती दिली. आता येणाऱ्याकडे गाडी आधीच होती. ती चालतही होती. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला किंमत कमी केली की वस्तू विकता येते. ज्याच्याकडे ती आहे, त्याला ती बदलण्यासाठी कारण लागते.

दुसरी गोष्ट अशी की, ज्याला फक्त स्वस्त गाडी हवी होती, त्याच्यासाठी आता वापरलेली गाडी मिळू लागली होती. म्हणजे नव्या फोर्डची स्पर्धा तिच्याच जुन्या भावंडांशी सुरू झाली. नवी गाडी कितीही स्वस्त केली, तरी दोन वर्षे वापरलेल्या गाडीइतकी स्वस्त होणार नव्हती.

फोर्ड यांचे काय चुकले?

हेन्री फोर्ड यांचे गणित एकेकाळी अचूक होते. १९०८ मध्ये मॉडेल टी ८५० डॉलरला मिळत होती. १९२४ च्या अखेरीस तिची उघडी गाडी २९० डॉलरवर आली. एकच मॉडेल, त्यात कमीत कमी बदल, १९१४ ते १९२५ या काळात रंगही फक्त काळा. त्यामुळे उत्पादन वाढे, खर्च घटे, किंमत उतरे आणि पुन्हा उत्पादन वाढे. १९२३ मध्ये फोर्डने सुमारे २० लाख गाड्या बनवल्या.

याच यशाने त्यांना बांधून टाकले. सगळी यंत्रे, सगळी जुळवणी एकाच मॉडेलभोवती रचलेली होती. कंपनीत शंका घेणाऱ्यांना जागा नव्हती. जानेवारी १९२६ मध्ये फोर्ड यांचे पुत्र एडसेल यांचे मेहुणे आणि कंपनीतील वरिष्ठ अधिकारी अर्नेस्ट कॅन्झलर यांनी मॉडेल टी मागे पडत असून नवी गाडी हवी, अशी सविस्तर टिपणी हेन्री फोर्ड यांना दिली. काही महिन्यांतच कॅन्झलर यांना कंपनी सोडावी लागली.

दीड कोटी गाड्या बनवल्यावर मे १९२७ मध्ये फोर्ड यांना मॉडेल टी बंद करावीच लागली. नवे मॉडेल तयार नव्हते. मुख्य कारखाना जवळपास सहा महिने ठप्प राहिला, हजारो कामगार बसून राहिले आणि विकायला गाडीच नसल्याने डीलरही अडचणीत आले. नवी मॉडेल ए गाडी डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आली. त्या वर्षी शेवरोलेने फोर्डला मागे टाकले आणि जनरल मोटर्सचा बाजारहिस्सा ४३ टक्क्यांवर गेला.

ग्राहकाला परत दुकानात आणायचे कसे?

स्लोन यांनी चार गोष्टी एकत्र जुळवल्या. त्यातली एकही त्यांची एकट्याची कल्पना नव्हती. एकमेकींना पूरक अशी त्यांची सांगड मात्र त्यांनी घातली.

पहिली गोष्ट हप्ता. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच गाडीसाठी कर्ज देणारी स्वतःची वित्त कंपनी काढली होती. फोर्ड यांना उधारी मान्य नव्हती. त्यांनी १९२३ मध्ये आठवड्याला ५ डॉलर भरण्याची योजना काढली, पण तीत पैसे पूर्ण भरून झाल्यावरच गाडी मिळत असे. ग्राहकाला गाडी आधी हवी होती. १९२५ पर्यंत अमेरिकेतील नव्या गाड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश हप्त्यांवर विकल्या जात होत्या.

दुसरी गोष्ट जुनी गाडी. डीलरने ती परत घ्यायची आणि तिची किंमत नव्या गाडीतून वजा करायची. म्हणजे जुनी गाडीच नवीचा पहिला हप्ता झाली.

तिसरी गोष्ट बंद टपाची गाडी. ताडपत्रीचे छत असलेल्या गाडीत थंडी-पावसात बसणे त्रासाचे होते. १९२४ मध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी ४३ टक्के बंद टपाच्या होत्या. १९२७ मध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. मॉडेल टीचा सांगाडा हलका, उघड्या गाडीसाठी बनवलेला. त्यावर जड बंद टप नीट बसत नव्हता. शेवरोलेने मात्र या बदलाचा पुरेपूर फायदा घेतला.

चौथी आणि सर्वांत वादग्रस्त गोष्ट म्हणजे दरवर्षी नवे मॉडेल.

दरवर्षी नवे मॉडेल कशासाठी?

पूर्वी मोटारीला रंग देणे हे काही आठवड्यांचे काम होते, कारण एकेक थर वाळायला वेळ लागे. पटकन वाळणारा काळा रंग फोर्ड यांना म्हणूनच सोयीचा होता. ड्यूपाँट कंपनीच्या ड्युको या नव्या लॅकर रंगामुळे हे काम तासांवर आले आणि रंगीत गाड्या मोठ्या संख्येने बनवणे शक्य झाले. १९२३ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो प्रथम वापरला गेला.

१९२७ मध्ये स्लोन यांनी हॉलीवूडच्या श्रीमंतांसाठी गाड्यांचे साचे बनवणाऱ्या हार्ली अर्ल यांना बोलावून गाडीच्या दिसण्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्यापूर्वी गाडी कशी दिसावी हे अभियंते ठरवत. आता दरवर्षी बाह्यरूप थोडे बदलायचे, आतील यंत्रणेत मोठा बदल दोन-तीन वर्षांनी करायचा, अशी लय बसली. नवी गाडी इतकी वेगळी दिसली पाहिजे की जुनी असणाऱ्याला ती हवीशी वाटावी. पण इतकीही नाही की सेकंडहँड गाड्यांचे भाव कोसळावेत. कारण त्या भावावरच पुढच्या नव्या गाडीची विक्री अवलंबून होती.

पडून राहिलेल्या गाड्यांनी काय शिकवले?

वेग मंदावतो आहे हे कळायला स्लोन यांनाही उशीर झाला होता. १९२४ च्या वसंतात ते डीलरांना भेटायला निघाले. सेंट लुईस, कॅन्सस सिटी, लॉस एंजेलिस. प्रत्येक ठिकाणी डीलरांच्या आवारात न विकलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. कंपनीच्या कागदांवर मात्र या गाड्या विकल्या गेल्या होत्या, कारण कारखान्यातून गाडी डीलरकडे गेली की ती विक्री धरली जात होती. विभागप्रमुखांचे अंदाज आशेवर बेतलेले होते. स्लोन यांनी उत्पादन तातडीने कमी करायला लावले.

त्यानंतर पद्धतच बदलली. दर दहा दिवसांनी प्रत्येक डीलरकडून किती नव्या गाड्या विकल्या, किती जुन्या घेतल्या आणि किती शिल्लक आहेत याचा अहवाल येऊ लागला. त्याला सरकारी नोंदणीच्या आकड्यांची जोड मिळाली. कारखान्याने किती पाठवले यापेक्षा शेवटच्या ग्राहकाने किती नेले हा आकडा महत्त्वाचा ठरला. स्वतः स्लोन यांनीही डीलरांच्या भेटी चालू ठेवल्या. रेल्वेच्या खास डब्यात कार्यालय थाटून ते शहरामागून शहरे पालथी घालत आणि दिवसाला पाच ते दहा डीलरांना भेटत.

या शिस्तीची खरी परीक्षा १९२९ नंतरच्या महामंदीत झाली. अमेरिका आणि कॅनडात १९२९ मध्ये ५६ लाख मोटारी व ट्रक बनले होते. १९३२ मध्ये जेमतेम १४ लाख. जनरल मोटर्सची विक्री दीड अब्ज डॉलरवरून सुमारे ४३ कोटी डॉलरवर आली. कंपनीने शेवरोले आणि पाँटियाक यांचे उत्पादन एकत्र आणले, मधल्या तीन ब्रँडची विक्रीव्यवस्था एक केली आणि साठे वेळेत उतरवले. १९३२ मध्ये नफा अवघा १ लाख ६५ हजार डॉलर होता, पण तोटा नव्हता. अनेक जुन्या मोटार कंपन्या मात्र या काळात संपल्या.

या यशाची किंमत कोणी मोजली?

ही किंमत आधी कामगारांनी मोजली. उत्पादन बाजाराप्रमाणे झटपट कमी-जास्त करायचे, म्हणजे माणसेही तशीच कमी-जास्त करायची. दरवर्षी मॉडेल बदलताना कारखाने काही आठवडे थांबत आणि कामगार बिनपगारी घरी बसत. परत आल्यावर पट्ट्याचा वेग वाढलेला असे. ३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे कामगारांनी कारखान्यातच ठिय्या मांडला. स्लोन यांचा संघटनेशी बोलणी करायला कडवा विरोध होता. मध्यस्थी करणाऱ्या कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनाही त्यांनी दाद दिली नाही. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीला संघटनेला मान्यता द्यावी लागली.

दुसरी किंमत सुरक्षिततेची. १९२९ मध्ये शेवरोलेत फुटल्यावर तुकडे न उडणारी सुरक्षित काच बसवण्याची सूचना आली. फोर्डने ती वापरायला सुरुवात केली होती. स्लोन यांनी खर्च वाढेल आणि त्याने विक्री वाढणार नाही या कारणाने ती टाळली. हा पत्रव्यवहार पुढे सार्वजनिक झाला तेव्हा कंपनीवर कठोर टीका झाली. इंजिनातील ठोके कमी करण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसेयुक्त रसायन मिसळण्याचा शोधही जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत लागला. १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवताना कामगार दगावले, तरीही ते जगभर पसरले.

बाजाराचा अचूक कानोसा घेणाऱ्या या पद्धतीत एक उणीव होती. ज्यासाठी ग्राहक जास्त पैसे मोजत नाही, ते तिच्या हिशेबात येतच नव्हते.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा संबंध काय?

घरचा बाजार भरल्यावर स्लोन यांनी बाहेर पाहिले. १९२५ मध्ये ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल आणि १९२९ मध्ये जर्मनीतील ओपेल जनरल मोटर्सने घेतली. याच काळात, १९२८ मध्ये, मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना सुरू झाला. परदेशातून सुटे भाग आणून इथे शेवरोले गाड्या आणि ट्रक जोडले जात. स्वातंत्र्यानंतर सरकारने नुसती जुळणी पुरेशी नाही, उत्पादन इथेच हवे, असे धोरण घेतले आणि १९५४ मध्ये हा कारखाना बंद झाला.

चार दशकांनी कंपनी परतली. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे तिचा मोठा कारखाना उभा राहिला. पण लहान, कमी इंधन पिणाऱ्या आणि दुरुस्तीला स्वस्त गाड्यांच्या भारतीय बाजारात शेवरोलेला जम बसवता आला नाही. २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबली, २०२० च्या अखेरीस तळेगावातील उत्पादनही थांबले आणि हा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

स्लोन यांची शिडी का मोडली?

स्लोन १९३७ मध्ये कंपनीचे चेअरमन झाले आणि १९५६ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले. त्या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी साधारण एक जनरल मोटर्सची असे. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी दान केला. न्यूयॉर्कमधील स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्था आणि एमआयटीतील स्लोन व्यवस्थापन विद्यालय त्यांच्या नावाने आजही ओळखले जातात. जनरल मोटर्समधील वर्षांवरचे त्यांचे पुस्तक १९६४ मध्ये आले आणि १७ फेब्रुवारी १९६६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर खर्च वाचवण्यासाठी निरनिराळ्या ब्रँडच्या गाड्या एकाच सांगाड्यावर बनू लागल्या. त्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या आणि पायऱ्यांतला फरक पुसला गेला. ग्राहक पुन्हा बदलला होता. त्याला कमी इंधन लागणारी, बिघाड न होणारी गाडी हवी होती आणि ती जपानी कंपन्या देत होत्या. २००४ मध्ये ओल्डस्मोबिल बंद झाली. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यानंतर पाँटियाकही इतिहासजमा झाली. फोर्ड यांना मॉडेल टीने जसे बांधून टाकले होते, तसे जनरल मोटर्सला स्वतःच्या जुन्या यशाने बांधले.

आजच्या ग्राहकाला हे ओळखीचे का वाटते?

जुना फोन द्या आणि नवा घ्या, बिनव्याजी हप्ते, दरवर्षी नवे मॉडेल, एकाच कंपनीचे दहा हजारांपासून लाखापर्यंतचे फोन. मोटारींच्या बाजारात शंभर वर्षांपूर्वी जुळलेली हीच सांगड आज खिशातल्या वस्तूला लागू झाली आहे, कारण तिथेही पहिल्यांदा घेणारे कमी आणि बदलणारे जास्त झाले आहेत.

मंदावलेल्या बाजारात धंदा करणाऱ्यासाठी, मग तो कारखानदार असो की तालुक्याच्या गावातला दुकानदार, स्लोन यांच्या आयुष्यातून निघणारी पहिली कामाची गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक नव्याने मोजणे. आलेल्यांपैकी किती जण वस्तू पहिल्यांदा घेत आहेत आणि किती जण जुनी बदलत आहेत? माल दुकानापर्यंत किती गेला आणि दुकानातून घरी किती गेला? हे दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत, तर मंदीची खबर मिळते ती गोदाम भरल्यावर. आणि ग्राहकासाठीही यात एक प्रश्न आहेच : हातातली वस्तू खरोखर निकामी झाली आहे, की ती जुनी वाटावी अशी कोणी व्यवस्था केली आहे?